उंच गाडी, ठेंगणा विमा

पुण्याच्या रस्त्यांवर गेल्या दहा-बारा वर्षांत जो पालट झाला आहे, तो जाणून घेण्यासाठी कोणत्याही समितीचा अहवाल चाळावयास नको. स्वारगेटच्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे, म्हणजे पुरे. जेथे पूर्वी लहान मोटारींच्या टपांवरून पलीकडचा पदपथ सहज दिसत असे, तेथे आता छाती पुढे काढून उभ्या राहिलेल्या उंच, रुंद गाड्यांची भिंत दिसते. एसयूव्ही ह्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ह्या गाड्या एके काळी पुढाऱ्यांच्या व कंत्राटदारांच्या दारी दिसत. आता त्या मध्यमवर्गाच्या दारी आल्या आहेत. २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाहने ह्याच 'युटिलिटी' वर्गातील होती. मोठ्या एसयूव्हीवरील वस्तू व सेवा कर आणि उपकर यांचा मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांवर उतरला. त्यामुळे हा ओघ आटण्याचे काही कारण उरलेले नाही. त्याच फेरबदलात मोटार विम्यावरील १८ टक्के कर मात्र जेथल्या तेथे राहिला.

कोणी कोणती गाडी घ्यावी, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा व ऐपतीचा प्रश्न आहे. त्यात नाक खुपसण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्या गाडीचा विमा कसा घेतला जातो, हा प्रश्न केवळ खाजगी नव्हे. त्यात त्या घराची वर्षानुवर्षांची बचत गुंतलेली असते, आणि त्या गाडीखाली सापडणाऱ्या पादचाऱ्याचे उरलेले आयुष्यही. म्हणून आज ह्या विषयावर आम्ही जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. गृहस्थ मोठे हिशेबी. मुदतठेवीवरील व्याज पाव टक्क्याने कोठे जास्त मिळते, हे पाहण्यासाठी चार पेढ्यांच्या पायऱ्या झिजविणारे. त्यांनी एसयूव्ही घेण्यापूर्वी सहा महिने विचार केला. तीन कंपन्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या, छताला खिडकी हवी की नको यावर घरात दोन पक्ष पडले, रंगावरून तिसरा पडला. विम्याचा निर्णय मात्र त्यांनी दहा मिनिटांत उरकला, आणि तोही शोरूममधल्या टेबलावर, गाडीला हार घालून झाल्यावर! पेढ्यांचा पुडा उघडलेला, नातवंडे आत जाऊन बसलेली, आणि अशा वेळी समोरच्या तरुणाने पुढे केलेल्या कागदावर विमा ही एक ओळ आणि तिच्यापुढे एक आकडा. 'यात सगळे येते ना?' असे त्यांनी विचारले. 'हो काका, सगळे येते,' असे उत्तर मिळाले. सही झाली.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले, तेव्हा ह्या गृहस्थांची गाडी तळमजल्यावर उभी होती. पाणी चाकांच्या वर चढताना पाहून ते धावत खाली गेले. गाडी उंच आहे, निघेल, ह्या भरवशावर त्यांनी ती सुरू केली. दहा-पंधरा हातांवर इंजिन बंद पडले. त्यांनी पुन्हा कळ दाबली, आणि तेथेच घात झाला. पुढे कंपनीने बैठकी, गालिचे, विजेच्या तारा यांची भरपाई मान्य केली. इंजिनाची केली नाही. त्यांच्या विम्यात पूर होता, पण पुरात सुरू केलेले इंजिन नव्हते.

हे कोडे वाटेल, पण त्यात कोडे काही नाही. इंजिन हवा ओढून घेते. तोंडाशी पाणी आले की हवेबरोबर पाणी ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आणि मग आतले पोलादी दांडे वाकतात. साध्या सर्वंकष पॉलिसीत पूर हे नैसर्गिक संकट म्हणून समाविष्ट असते. परंतु पाण्यात गाडी चालविल्याने वा सुरू केल्याने इंजिनाचे जे होते, ते पुराचे नव्हे तर चालविणाऱ्याच्या कृतीचे फळ, असे विमा कंपन्या मानतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' नावाचे निराळे जोडकलम जादा पैसे भरून घ्यावे लागते. पानशेतचा १९६१ चा जुलै ज्या शहराने पाहिला, त्याला पाण्याची भीती नव्याने शिकवावयास नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही. तरीही इंजिनाचे हे कलम आमच्याकडे कित्येकदा 'फालतू खर्च' म्हणून पहिल्यांदा खोडले जाते. आणि खोडणाऱ्याच्या मनात हेच असते की आपली गाडी उंच आहे.

ती किती उंच आहे, हेही एकदा पाहू. जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने जास्त उपकरासाठी अशा वाहनांची व्याख्या केली: लांबी ४ मीटरांहून अधिक, इंजिन १,५०० सीसीहून मोठे, आणि गाडीचे पोट जमिनीपासून निदान १७० मिलिमीटर वर. १७० मिलिमीटर म्हणजे एक वीतही पुरी भरत नाही. काही गाड्या याहून चार-पाच बोटे अधिक उंच असतात, इतकेच. वीतभर उंचीच्या जोरावर मुठेशी सामना करण्यास निघणाऱ्यांनी हे माप लक्षात ठेवावे.

आता विम्याच्या किमतीकडे वळू. विम्याचे दोन भाग असतात, आणि ते एकाच कागदावर छापलेले असल्यामुळे पुष्कळांस ते एकच वाटतात. पहिला भाग दुसऱ्यांसाठी: आपल्या गाडीने कोणाचा जीव गेला, कोणी जायबंदी झाला, कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई. हा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्यासंबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. आज १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ तेच सांगते. विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणणाऱ्यास पहिल्या वेळी २,००० व पुन्हा तसे केल्यास ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, असे २०१९ च्या दुरुस्तीने ठरले. मृत्यू व दुखापत यांबाबत कंपनीची जबाबदारी अमर्याद असते; मालमत्तेच्या हानीसाठी खाजगी गाडीच्या पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते. ह्या भागाचा दर सरकार ठरविते, म्हणून तो सर्व कंपन्यांत सारखाच. येथे तुलना करण्यासारखे काहीच नाही.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीसाठी. तो ऐच्छिक आहे, आणि १ जानेवारी २००७ पासून त्याचे दर खुले आहेत. तुलना करावयाची ती येथे.

ह्या दोन भागांच्या मुदतीवरून एक घोटाळा सर्रास होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे १,५०० सीसीवरील गाडीस त्याचे २४,५९६ रुपये पडतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. विमेदार कागदावर 'तीन वर्षे' वाचतो आणि निश्चिंत होतो. वर्ष उलटते, दुसरा भाग गुपचूप संपतो, आणि पंधरा लाखांची गाडी वर्ष दीड वर्ष उघडीच फिरत राहते. मालकाला हे कळते ते एखाद्या ट्रकने मागून धडक दिल्यावर, किंवा वाहनतळावरून गाडी नाहीशी झाल्यावर. शिवाय मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर दावा न केल्याबद्दल साठत आलेली सवलतही बुडते. पहिल्या वर्षाला २० टक्क्यांपासून सुरू होऊन ही सवलत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते, आणि ती गाडीची नसून मालकाची असते; जुनी विकून नवी घेतली तरी ती बरोबर येते. ही गोष्ट सांगण्याची तसदी विकणारे फारसे घेत नाहीत.

स्वतःच्या गाडीच्या विम्याचा पाया म्हणजे कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत. तिला 'आयडीव्ही' म्हणतात. आम्ही एके काळी खडू-फळ्याजवळ काही वर्षे काढली आहेत. तेव्हाची खोड अजून गेलेली नाही, म्हणून हे गणित येथे मांडूनच दाखवितो.

समजा, एका गृहस्थाने १५ लाख रुपये शोरूम-किमतीची डिझेल एसयूव्ही घेतली. महाराष्ट्रात ह्या किमतीच्या डिझेल गाडीवर १४ टक्के मोटार वाहन कर, म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी, विमा, किरकोळ साहित्य धरून गाडी दारात येईपर्यंत खर्च साडेसतरा लाखांच्या पलीकडे गेला. त्यांपैकी १५ लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, सात वर्षांच्या मुदतीचे. महिन्याचा हप्ता सुमारे साडेचोवीस हजार. दोन वर्षे त्यांनी एकही हप्ता न चुकविता भरला. तरी बँकेचे सुमारे ११ लाख ६७ हजार अद्याप देणे आहेच. कारण आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो.

आता विम्याचे कोष्टक पाहा. त्यात आधार शोरूम-किमतीचा. कर आणि नोंदणीचे पैसे त्यात धरले जात नाहीत. सहा महिन्यांपर्यंत घसारा ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. म्हणजे तिसऱ्या वर्षात ह्या गाडीची मान्य किंमत १० लाख ५० हजार. त्या वर्षी गाडी चोरीस गेली, अथवा घाटात कोसळली आणि दुरुस्तीचा खर्च मान्य किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक ठरल्यामुळे ती पूर्ण नष्ट मानली गेली, तर कंपनी हे साडेदहा लाख देईल. आणि गाडी बँकेकडे तारण असल्यामुळे ते पहिल्याने बँकेच्या खात्यात जातील. बँकेचे देणे ११ लाख ६७ हजार. ह्यात कंपनीने लबाडी केली नाही, बँकेने केली नाही, आमच्या गृहस्थांनी तर नाहीच नाही. विमा होता, भरपाई मिळाली. आणि गाडी नसलेला हा माणूस १ लाख १७ हजारांचा कर्जदार होऊन बसथांब्यावर उभा राहिला.

ही दरी बुजविणारे 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाचे जोडकलम असते. गाडी पूर्ण नष्ट झाल्यास वा चोरीस गेल्यास मूळ बीजकाची किंमत मिळते, आणि काही कंपन्या त्यात कर व नोंदणीही धरतात. गाडी नवी आहे तोवर, म्हणजे बहुधा पहिली तीन ते पाच वर्षेच, ते मिळते. ज्याने रोख पैसे मोजून गाडी घेतली, त्याने ते घेतले नाही तरी चालेल. ज्याने सात वर्षांचे कर्ज काढले, त्याने मात्र हे कलम टाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात उलटेच होते. ज्याची ओढाताण, तोच पहिल्या वर्षी दोन-तीन हजार वाचविण्यास निघतो.

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आता पाच मिनिटांत दहा कंपन्यांचे आकडे एकाखाली एक दिसतात. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तेथील आकडे स्वस्तापासून महागाकडे लावलेले असतात, आणि माणसाची नजर पहिल्या ओळीवर थांबते. ती ओळ स्वस्त का आहे? २००२ च्या दरपत्रकात पुण्याचा समावेश 'अ' विभागात होता, आणि पाच वर्षांपर्यंतच्या, १,५०० सीसीवरील गाडीस मान्य किमतीच्या ३.४४ टक्के असा दर होता. तोच दर उदाहरणादाखल धरू. साडेदहा लाखांवर ३६,१२० रुपये होतात. कंपनीने ६० टक्के सूट दिली, असे समजा, राहिले १४,४४८. आता मान्य किंमत साडेदहाऐवजी साडेनऊ लाख केली, तर त्याच सुटीनंतर १३,०७२ राहतात. विम्याचा हप्ता १,३७६ रुपयांनी उतरला म्हणून गिऱ्हाईक खूश. पण गाडी गेली तर एक लाख रुपये कमी मिळतील, हे त्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. म्हणून तुलना करावयाची तर आधी सर्व कंपन्यांत मान्य किंमत एकच ठेवावी, आणि मगच खालचा आकडा पाहावा. आकडा फुगतो तो आणखी दोन गोष्टींनी: तृतीय पक्षाचा सरकारी दर, म्हणजे २०२२ च्या पत्रकाप्रमाणे ह्या गाडीस वर्षाला ७,८९७ रुपये, आणि सर्वांवर १८ टक्के कर. ह्या दोहोंत कोणतीही कंपनी एक पैसा सोडू शकत नाही.

आकडा खाली आणण्याची दुसरी युक्ती म्हणजे स्वेच्छेने अंगावर घेतलेला वाटा. १,५०० सीसीवरील गाडीच्या प्रत्येक दाव्यात २,००० रुपये मालकाने सोसावयाचेच असतात. त्याखेरीज आणखी पाच, साडेसात, पंधरा हजार मी सोसतो, असे लिहून दिले की विम्याचा हप्ता उतरतो. जाणून-बुजून घेतले तर हे वाईट नाही. वीस वर्षे अपघातावाचून गाडी चालविणाऱ्यास ते परवडते. पण पडद्यावर ती खूण आधीच केलेली असली, आणि ती न पाहताच पुढे गेलो, तर तो शहाणपणा नव्हे.

घसाऱ्याचे दुसरे प्रकरण सुट्या भागांचे आहे, आणि एसयूव्हीच्या मालकास ते अधिक झोंबते. साध्या पॉलिसीत काचेला घसारा नाही. धातूला गाडीच्या वयाप्रमाणे. परंतु रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांना सरसकट ५० टक्के. गाडीकडे नीट पाहिले तर ती दिसते पोलादाच्या रणगाड्यासारखी, पण तिचा पुढचा बंपर, चाकांवरच्या काळ्या पट्ट्या, जाळी, दिव्यांची घरे हे सारे प्लास्टिकचे. समोरून साधी टक्कर झाली, प्लास्टिकच्या भागांचे बिल ६० हजार आले, तर ३० हजार मालकाचे. वर सक्तीचे २ हजार. 'झिरो डेप' म्हणून जे जोडकलम ओळखले जाते, ते ह्यासाठी. नव्या गाडीला ते घ्यावे. मात्र वर्षातून किती दाव्यांना ते लागू आहे, हे विचारून घ्यावे. कित्येक कंपन्या दोनांवर थांबतात. किल्ली हरविणे, वंगण-स्क्रू यांचा खर्च, रस्त्यात मदत, अशी आणखी दहा कलमे विकावयास असतात. त्यांपैकी बहुतेकांवाचून कोणाचे अडत नाही.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सात आसनी गाडी दारी आली की तिचा उपयोगही सातजणांनी होतो. लग्नसराईत शेजाऱ्याला दिली जाते, ओळखीच्यांना शिर्डी-तुळजापूरला घेऊन जाते, आणि परतल्यावर 'डिझेलचे म्हणून' काही पैसे हातावर ठेवले जातात. पांढऱ्या नंबरपाटीची गाडी भाड्याने चालविली, असे ह्यातून निष्पन्न झाले, तर कंपनी दावा नाकारू शकते, हे किती मालकांना ठाऊक आहे? ज्यांनी केवळ कायद्यापुरती तृतीय पक्ष पॉलिसी घेतली आहे, त्यांची स्थिती याहून नाजूक आहे. गाडीत बसलेले पाहुणे अशा पॉलिसीच्या संरक्षणात येत नाहीत, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा म्हटले आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आता घ्यावा लागतो. इतर सहा आसनांचा, जादा हप्ता भरून घेता येतो. त्याचा हप्ता फार नसतो. मेव्हण्यांना पुढे बसविण्यापूर्वी तो घेतलेला बरा.

आता ज्यांची बाजू मांडण्यास कोणी विक्रेता टेबलामागे बसलेला नसतो, त्यांच्याकडे वळू. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या वाहनांच्या नाकाची उंची ४० इंचांहून अधिक आहे, त्यांची धडक पादचाऱ्यास बसली, तर ३० इंच वा त्याहून कमी व उतरत्या नाकाच्या मोटारीच्या मानाने ती प्राणघातक ठरण्याचा संभव सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. कारण उघड आहे. ठेंगणी गाडी पायांवर आदळते, उंच गाडी छातीवर. आणि मूल असेल तर डोक्यावर. अभ्यास अमेरिकेचा असला, तरी छाती आणि डोके सर्व देशांत सारख्याच उंचीवर असतात.

आमच्या देशातील तृतीय पक्ष विम्याचा दर ही उंची विचारात घेतो काय? मुळीच नाही. वजनही नाही. तो इंजिनाचे घनमान तेवढे विचारतो. २०२२ च्या पत्रकात १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. परिणाम असा की ९९८ सीसीचे टर्बो इंजिन बसविलेली व्हेन्यू वा सोनेट ही उंच गाडी गल्लीतल्या लहानशा ऑल्टोच्या पंक्तीस बसून २,०९४ भरते. १,४९७ सीसीची क्रेटा ३,४१६ भरते. आणि २,१८४ सीसीची डिझेल स्कॉर्पिओ ७,८९७. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना किलोवॉटवर मोजून वर सूट आहे. त्यांच्या बॅटरीचे वजन कोणी मोजत नाही. इंजिनाच्या आकारावरून गाडीची शक्ती व वजन ताडता येण्याचे दिवस जेव्हा होते, तेव्हाचा हा मापदंड आहे. आता लहान इंजिनातून मोठी शक्ती काढता येते, आणि दर मात्र तेथेच थांबला आहे. कर वसूल करावयाचा होता तेव्हा सरकारने लांबी मोजली, इंजिन मोजले, पोटाखालची पोकळीदेखील मिलिमीटरने मोजली. रस्ता ओलांडणाऱ्याच्या जिवाचा हिशेब करताना मात्र मोजपट्टी घरी विसरते, हे कसे? रस्ते वाहतूक मंत्रालय पुढील दर ठरवील, तेव्हा त्याने वजन आणि नाकाची उंची यांचा विचार करावा, अशी आमची मागणी आहे. ह्यामुळे काही वाचकांचा विम्याचा हप्ता वाढेल, याची आम्हांस जाणीव आहे. आणि त्या वाचकांत आमचे स्नेहीही आहेत.

विमा नियामक प्राधिकरणाकडून आमची अपेक्षा याहून साधी आहे. जून २०२४ च्या परिपत्रकाने पॉलिसीबरोबर ग्राहकास माहितीपत्रक देणे बंधनकारक केले. पाऊल चांगले आहे. पण ते पत्रक पॉलिसीबरोबर येते, म्हणजे पैसे दिल्यावर येते. ते सहीपूर्वी, मराठीत, शोरूमच्या त्याच टेबलावर समोर ठेवले पाहिजे. आणि त्यावर ठळक टाइपात तीन गोष्टी असाव्यात: स्वतःच्या नुकसानीचा विमा कोणत्या तारखेला संपतो, मान्य किंमत किती, आणि पाण्याने इंजिन बिघडल्यास पैसे मिळतील की नाही. 'होय' किंवा 'नाही', एवढेच. गाडी विकणाऱ्याकडूनच विमा घेण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नाही, हेही तेथे छापावे. ते छापल्याने शोरूमचालकांचे उत्पन्न थोडे घटेल. घटू द्यावे.

आमच्या स्नेह्यांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्यांनी कंपनीकडे लेखी तक्रार केली. समाधान झाले नाही, तेव्हा विमा लोकपालाकडे जावे असे आम्ही सुचविले. लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे, तेथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. त्यांनी कागद काढून पुन्हा वाचले आणि जाण्याचा बेत सोडून दिला. वगळलेल्या गोष्टींत इंजिनाची ओळ स्पष्ट छापलेली होती. त्यांनी स्वतःच्या पैशाने इंजिन बसवून घेतले, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी चार कंपन्यांचे कागद घेऊन ते आमच्याकडे आले. मान्य किंमत चारही ठिकाणी सारखी करावयास त्यांनीच लावली होती. स्वस्तातला स्वस्त कागद त्यांनी बाजूला ठेवला, आणि इंजिनाचे कलम असलेला घेतला.

हे कलम पॉलिसी चालू असताना मध्येच सहसा मिळत नाही. नूतनीकरणाच्या दिवशीच ते घ्यावे लागते. ज्यांची मुदत मृगापूर्वी संपते, त्यांना ही संधी पावसाच्या आधी मिळते. ज्यांची दसऱ्याच्या सुमारास संपते, त्यांनी येत्या पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी आलेले दिसल्यास गाडीची किल्ली घरातच ठेवावी. इंजिन सुरू न करता गाडी उचलून न्यावयास सांगावे, पाणी कोठवर आले होते त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि कंपनीला त्याच दिवशी कळवावे.